राखणदार मुठीत होता

मी एक जुना शिशाचा ठोकळा आहे. तळहातावर सहज मावतो. वजन एकशे चाळीस ग्रॅम. रंग धड काळा नाही, धड राखाडी नाही. चांदीचं नाणं टेबलावर पडलं तर कसं खणकन वाजतं! मी पडलो तर थप्प होतं आणि संपतं. मित्रांनो, आम्हा शिशाची जातच अशी. लवकर तापत नाही म्हणावं, तर वितळतो मात्र सगळ्यांच्या आधी. तेव्हा माझी गोष्ट मी डोळे पुसत सांगेन अशी वाट पाहू नका. जे झालं ते सांगतो.

माझा जन्म मार देल प्लाताच्या बंदराजवळ एका स्वयंपाकघरात झाला. घर आन्सेल्मोचं. तो जाळी विणायचा आणि फाटलेली जाळी सांधायचा. एकदा एक जाळं पार कामातून गेलं, तेव्हा त्याने त्याच्या काठाची शिशाची वजनं कापून घरी आणली, बायकोच्या दूध तापवायच्या भांड्यात वितळवली आणि मलमाच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डबीत ओतली. मी अजून मऊ होतो तेव्हा त्याने माझ्यावर जाळ्याच्या दोरीची एक गाठ दाबून धरली. ती गाठ अजून माझ्या पाठीवर उमटलेली आहे.

तेवढ्यात बायको कामावरून आली. तिचं नाव नीदिया. ती मासे कापायच्या कारखान्यात होती, आणि नुसत्या हाताने मासा तोलून त्याचं वजन सांगायची.

"दुधाच्या भांड्यात शिसं?" ती म्हणाली. "उद्या त्यातच मला दूध देशील. एकदाची सुटेन."

"नवीन भांडं आणू की, म्हातारे."

"कधी?"

"बेत आहे."

हा शब्द नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी गोष्ट या शब्दाभोवती फिरते.

मला ओतलं ते पत्त्यांसाठी. बंदरामागच्या क्लबात दर शनिवारी जेवणं उरकली की दुपारी तीनला पोकर बसायचा. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मधे पाच पानं उघडतात, आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचं एक. ही सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याचा पाच पानांचा डाव सर्वांत भारी, तो टेबलावरच्या चकत्या नेतो. प्रत्येक वेळी पान उघडलं की कोणीतरी चकत्या पुढे लोटतो, आणि बाकीच्यांनी तेवढ्याच द्यायच्या किंवा आपली पानं टाकायची. आपली दोन पालथी पानं चुकून टाकलेल्या पानांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येकजण त्यांच्यावर काहीतरी जड ठेवतो. कोणाचं नाणं, कोणाची किल्ली, कोणाचा समुद्रावर सापडलेला दगड. त्याला क्लबात राखणदार म्हणत. मी आन्सेल्मोचा राखणदार होतो. पानांवर बसायचं, दुसरं काही नाही. काम सोपं होतं आणि मला ते आवडायचं.

आता बेताचं सांगतो. ओळीने पाच पानं लागली, म्हणजे सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम अशी, तर त्या डावाला आमच्याकडे जिना म्हणतात. आणि चार लागली, पाचवं यायचंय, अशा अर्धवट डावाला म्हणतात बेत. आन्सेल्मो बेतांचा भुकेला होता. चार पानं जुळली की त्याचे कान लाल व्हायचे. समोरचा कितीही मागो, हा देत जायचा, पाचव्या पानाच्या आशेवर. दहातून आठ वेळा हात हलवत परत यायचा.

घरीही तोच प्रकार. वर एक खोली बांधायचा बेत होता. समुद्र दिसेल अशी. त्यासाठी त्याने अंगणात सिमेंटचा जिना घातला, नऊ पायऱ्यांचा, भिंतीला टेकवून. खोली कधी झालीच नाही. नवव्या पायरीपाशी जिना संपायचा आणि पुढे आभाळ. शेजारी थट्टा करायचे. आन्सेल्मो म्हणायचा, "अर्धं काम झालंय. खोलीच तेवढी राहिलीय."

नीदियाही काही शनिवारी खेळायची, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चांगलं. ती आशा करत नसे, ती मोजत असे. रविवारी जेवणानंतर ती त्याला टेबलावर पानं मांडून शिकवायची.

"जिन्याला दोन्ही टोकं मोकळी असली तर किती पानं उपयोगाची? आठ. तीन पानं उघडली आहेत, दोन यायची आहेत, तेव्हा साधारण तिनात एक. चौथं उघडून गेलं, मग सहात एक. सहात एकासाठी कोणी अर्धी रास मागितली तर काय करायचं?"

"द्यायची," आन्सेल्मो म्हणायचा.

"टाकायची. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोस नुसता. शनिवारचा डाव ही स्पर्धाच असते. तिथे चकत्या संपल्या की उठून घरी."

"मग बेत असला की खेळायचंच नाही का?"

"खेळायचं. पण तू आधी लोट. तिसरं पान उघडलं आणि समोरचा गप्प बसला, की तू पुढे हो. एक तर तो घाबरून पानं टाकेल, नाहीतर तुझं पान येईल. दोन दारं उघडी राहतात. दुसऱ्याच्या मागून जातोस, तो मागेल तेवढ्या देत राहतोस, तेव्हा एकच दार उरतं, आणि तेही सहात एकदा उघडतं."

तो मान डोलवायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मागून जायचा.

क्लबाची मोठी स्पर्धा वर्षातून एकदाच, जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत. घरटी एकच खुर्ची, म्हणून ती आन्सेल्मोची. तिचा एक रिवाज होता. जो तुम्हाला स्पर्धेतून बाहेर काढेल त्याच्या हाती आपला राखणदार द्यायचा. घेणाऱ्याने तो वर्षभर वापरायचा. कपाटात ठेवायचा नाही, देव्हाऱ्यात ठेवायचा नाही, कशाच्या तरी उपयोगाला लावायचा. पुढच्या जुलैत मूळ मालकाने, हिंमत असेल तर, तो जिंकून परत न्यायचा. क्लब जुना आणि रिवाजही जुना, आणि लोक तो पाळायचे.

एका वर्षी मी अब्दालाकडे गेलो. त्याला सगळे तुर्को म्हणतात, आजोबा सिरियातून आले म्हणून; तिकडून आलेला प्रत्येकजण इथे तुर्कच. त्याचं नळ-खिळ्यांचं दुकान आहे. आन्सेल्मोचा तो शाळेपासूनचा मित्र, आणि टेबलावरचा हाडवैरी. त्याने मला दुकानात दार आपटू नये म्हणून फटीत सारलं. वर्षभर मला लाथा बसल्या. तेव्हा मला राग आला का, असं विचाराल तर नाही आला. पण संध्याकाळी आन्सेल्मो उगाच एखादा खिळा घ्यायला यायचा आणि वाकून माझ्याकडे बघायचा, तेव्हा मला बरं वाटायचं. पुढच्या जुलैत त्याने मला परत जिंकलं. त्या दिवशी चौथ्या पानावर तुर्कोच्या मागून जाण्यात काही अक्कल नव्हती, पण पाचवं पान आलं. पूर्ण क्लबाने टाळ्या वाजवल्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग आन्सेल्मो आजारी पडला. पोटाचं दुखणं. इस्पितळात जाताना त्याने मला कोटाच्या खिशात टाकलं, सवयीने. म्हणून पुढचं मी ऐकलं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "राजधानीला, बुएनोस आइरेसला, एक उपचार होतो. कठीण आहे, त्रासही फार होतो. सहा जणांत एकाला गुण येतो. तुम्ही दोघांनी ठरवा."

"सहात एक," नीदिया म्हणाली.

ती एवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात ती रविवारी म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, कारण तिला दुसरा आवाज ठाऊक नव्हता. आन्सेल्मो तिच्या तोंडाकडे वळला, कोटाबरोबर मीही वळलो. मग हसला.

"ऐकलंत डॉक्टर? घरच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं. टाकतो पानं."

नीदियाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं. मला तिचा श्वास ऐकू आला. पण बाईंनी तोवर कागद मिटला होता.  त्यानंतर सात महिने ती दोघं हवापाण्याबद्दल बोलली, माशांबद्दल बोलली, तुर्कोच्या सुनेबद्दल बोलली. त्या एका वाक्याबद्दल कधीच नाही. मे महिन्यात आन्सेल्मो गेला.

पुढचे तेरा महिने मी त्या कोटाच्या खिशात पडून होतो. अंधार होता. मला काही वाटलं नाही असं मी म्हणतो, आणि ते बरंचसं खरं आहे.

एके दिवशी नीदियाने खिशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. स्वयंपाकघरात बसली. माते या कडू पानांच्या चहासाठी ठेवलेलं पाणी उकळून उकळून आटलं तरी उठली नाही. मला तळहातावर धरून ती म्हणाली, "मी नुसतं मोजलं होतं रे. टाक असं कुठे म्हटलं होतं?"

 

जुलै उजाडला तेव्हा तुर्को दारात आला. टोपी हातात, पाय उंबऱ्याबाहेर.

"तुमच्या घराची खुर्ची रिकामी आहे, नीदिया. ये शनिवारी."

"मी कशाला?"

"घरी बसून काय करतेस?"

"जिन्यावर बसते."

"कुठल्या जिन्यावर? तो तर कुठे जातच नाही."

"म्हणूनच," नीदिया म्हणाली. "वरून समुद्र दिसतो."

तुर्कोने टोपी डोक्यावर घातली आणि तो गेला. पण शनिवारी नीदिया आली, आणि मी तिच्या पानांवर बसलो. आन्सेल्मोच्या वस्तूंतला घरात मी एवढाच उरलो होतो, तिने त्याच्या खिशातून स्वतः काढलेला. कपडे चर्चला गेले, अवजारं पुतण्याला. हरली तर मीही जाणार, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

ती उत्तम खेळली. तीस जण बसले होते, उरले पाच. कधी बेत असताना आधी पुढे झाली आणि समोरच्याला पानं टाकायला लावली, कधी चांगली चार पानं हातात असून भाव परवडत नाही म्हणून मुकाट्याने सोडून दिली. चेहऱ्यावर काही नाही. कारखान्यात मासा कापावा तशी ती खेळत होती. औषधवाला पेराल्ता कुरकुरला, "हिच्या अंगात रक्त आहे की बर्फ?"

पानं वाटायला मिर्ता होती, क्लबाची चिटणीस. नीदिया तिच्या अगदी डाव्या हाताला बसली होती, नीदियाच्या पलीकडे पेराल्ता, आणि मिर्ताच्या उजव्या हाताला तुर्को. ही बसायची जागा ध्यानात असू द्या.

नीदियाला नव्वी आणि अठ्ठी मिळाली. बाकीच्या दोघांनी आपली पानं आधीच टाकली. पानं पाहून तिने मला त्यांच्यावर ठेवलं. मधे तीन पानं उघडली. दश्शी, सत्ती, दुर्री. चार पानांची ओळ, दोन्ही टोकं मोकळी. छक्की आली तरी जिना, गुलाम आला तरी जिना. तुर्कोने टेबलावर बोट टेकवलं, म्हणजे तो काही मागत नव्हता.

मित्रांनो, हीच ती वेळ. तिने शंभर रविवारी शिकवलेली वेळ. समोरचा गप्प आहे, दोन पानं यायची आहेत, तू आधी लोट.

नीदियाने मला उचललं. अंगठा माझ्या पाठीवरच्या गाठीवरून फिरवला. मला वाटलं आता परत ठेवेल आणि चकत्या लोटेल. तिने मूठ मिटली. मी आत, पानं बाहेर. दुसऱ्या हाताने तिनेही टेबलावर बोट टेकवलं. पेराल्तानेही तेच केलं.

चौथं पान आलं राजा. तिच्या काही कामाचा नाही. तुर्को ताठ बसला. राशीत सहा हजारांच्या चकत्या होत्या, त्याने आणखी सहा हजार पुढे लोटल्या. नीदियाकडे साडेसहा हजार होत्या. बारासाठी सहा द्यायचे, म्हणजे निदान तिनात एकदा तरी जिंकायला हवं. आणि पान येणार सहात एकदा. शेंबड्या पोराने टाकावी अशी पानं.

तिची मूठ घट्ट झाली. 

"सहात एक," ती स्वतःशी पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "जाते मागून."

 तुर्कोने मान वर केली.

"नीदिया, नक्की?"

"आन्सेल्मो काय म्हणाला असता?"

"तो गेलाच असता. तो गाढव होता."

"मग झालं," असं म्हणून नीदियाने एका हाताने चकत्या लोटल्या. दुसरा हात छातीशी होता, आणि त्या मुठीत मी होतो.

पेराल्ताची पाळी आली. त्याने वैतागून आपली पानं मिर्ताकडे भिरकावली. तो नेहमीच जोरात टाकतो. त्याची दोन पानं वर वजन नसलेल्या नीदियाच्या दोन पानांवर जाऊन आदळली आणि चारही एकत्र सरकली. मिर्ताने वर काही जड नाही असं पाहिलं आणि चारही पानं सवयीने टाकलेल्या गठ्ठ्यात ओढून घेतली. मग तिने शेवटचं पान उघडलं.

बदामाचा गुलाम.

सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. जिना पुरा झाला होता. नीदियाने खाली पाहिलं. समोर हिरवं कापड होतं, आणि काहीच नव्हतं.

मिर्ता पांढरीफटक पडली. "नीदियाबाई, तुमची पानं... वर राखणदार नव्हता, मला वाटलं तुम्ही..."

"माझीच चूक," पेराल्ता म्हणाला. "माझी तिच्या पानांवर गेली."

"चूक कोणाचीही असो," मिर्ता हळू आवाजात म्हणाली, "गठ्ठ्यात गेलेली पानं परत येत नाहीत. नियम आहे."

"मला नियम ठाऊक आहे," नीदिया म्हणाली.

तुर्कोने आपली पानं उलटली. राजा आणि दश्शी. दोन जोड्या. जिन्यापुढे त्या कुठल्या टिकणार! पण हे टेबलावर नीदियाखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. आणि मला.

"काय होतं गं तुझ्याकडे?" तुर्कोने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एक बेत होता."

उरलेल्या पाचशे तिने पुढच्या डावात पानं न पाहताच लोटल्या. त्या तुर्कोनेच जिंकल्या. ती उठली, मूठ उघडली आणि मला त्याच्यापुढे ठेवलं. थप्प. तुर्कोने हात मागे घेतला.

"हा नको. या वर्षी रिवाज राहू दे."

"घे. आणि कामाला लाव."

त्या दिवसाचा मी बराच विचार केला. एकवीस वर्षांत माझं खरं काम एकच होतं, पानांवर बसायचं. ज्या डावात माझी खरी गरज होती त्याच डावात मी बसलो नाही, कारण मला कोणीतरी फार घट्ट धरलं होतं. दोष कोणाला द्यायचा? मला वाईट वाटतं. शिशाला वाटतं तेवढं.

आता मी तुर्कोच्या दुकानात गल्ल्याशेजारी पॉलिशपेपरच्या गठ्ठ्यावर असतो. दाराच्या फटीत मला त्याने पुन्हा घातलं नाही. सप्टेंबरात दक्षिणेचा वारा सुटला होता तेव्हा नीदिया आली.

"लोखंडी नळी हवी, कठड्याला," ती म्हणाली. "आणि भिंतीत बसवायचे आठ बोल्ट."

"कसला कठडा?"

"जिन्याचा. वर बसते ना मी. गुडघे दुखतात हल्ली, उतरताना धरायला काहीतरी हवं."

तुर्कोने नळी कापून दिली, बोल्ट मोजून पुडीत बांधले. मग त्याने डोळ्यांनीच माझ्याकडे खूण केली. "घेऊन जा त्याला. क्लबात कोणाला सांगत नाही."

नीदियाने मला उचललं. तळहातावर तोललं, मासा तोलायची तसं. मला वाटलं, आता पुन्हा मूठ मिटेल.

दार उघडंच होतं. वारा आत आला आणि गठ्ठ्यावरचे चार-पाच कागद भर्रकन उडून जमिनीवर गेले. नीदिया गुडघ्यावर हात ठेवून वाकली, एकेक कागद गोळा केला, गठ्ठा सारखा केला आणि मला त्यावर ठेवलं.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "वारा आहे. जुलैत येते न्यायला."

नळी खांद्यावर घेऊन ती गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. कात्री असेल, पेन असेल, छत्री असेल. ती कपाटात कोंडू नका, आणि छातीशी धरून बसू नका. तिला तिच्या कामावर ठेवा. कात्रीने कापा, पेनाने लिहा. आणि जिवंत माणूस तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर नुसतं मोजू नका, मनात आहे ते वेळेवर बोला. माझ्या पाठीवर एक गाठ आहे. नीदिया येईपर्यंत मी कागद धरून ठेवतो.